लाल खुणेच्या पलीकडे

सकाळी बाबा पलंगापासून वीतभर वर गेले आणि तिथेच थांबले. छताजवळची मोटर घुमत होती, माझा अंगठा बटणावर होता, झोळीचे पट्टे ताणलेले होते, पण साखळी पुढे सरकेना. क्लच घसरत होता. तापलेल्या लायनरचा, म्हणजे क्लचच्या अस्तराचा, करपट वास खोलीत पसरला. कारखान्यात तो वास मी रोज घेते, घरात तो पहिल्यांदाच आला. मी आधी वर पाहिलं, मग खाली. बाबांचे डोळे विस्फारले होते, तोंडाचा वाकडा झालेला कोपरा थरथरत होता. ते घाबरले होते. उभ्या आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा माझ्या पोटात काहीतरी ऊन ऊन पसरत गेलं. तो आनंद होता, त्याला उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं? अंगठा मी लगेच काढला नाही. मोटरला बोंबलू दिलं, त्यांना लटकू दिलं, आणि मग सावकाश दुसरं बटण दाबून त्यांना गादीवर टेकवलं. ते म्हणाले, "इकडे ये."

झटक्यानंतर त्यांच्याकडे एवढे दोनच शब्द उरलेत. उजवं अंग गेलं, त्याबरोबर सगळी भाषाही गेली. नावं गेली, आकडे गेले, बंदरावरच्या त्या भरघोस शिव्यासुद्धा गेल्या. तहान लागली की इकडे ये, पाठ दुखली की इकडे ये, चादर ओली झाली की इकडे ये. डॉक्टर म्हणाले, माणूस जे सर्वांत जास्त वेळा बोललेला असतो ते कधीकधी शाबूत राहतं. मी मान डोलावली. आमच्या घरात हे दोन शब्द किती वेळा बोलले गेले होते हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. आवाज चढवून नाही, अगदी शांतपणे म्हणायचे ते. चपला काढायच्या, शर्टाच्या बाह्या दुमडायच्या, खुर्ची बाजूला सरकवायची, आणि इकडे ये. अजूनही ते म्हणाले की माझी मान आधी खांद्यात जाते, मग मी पाण्याचा पेला उचलते. त्यांना सांभाळणाऱ्या मावशींना मात्र त्याची गंमत वाटते. "अहो, इथंच तर उभी आहे," म्हणतात, "आणखी किती येऊ? मांडीवर बसू का आता?" आणि बाबा हसतात. चेहऱ्याच्या अर्ध्याच भागाने, पण हसतात.

सकाळी मी स्टूल ओढलं, पाना घेतला आणि वर चढले. बाबांना उचलणारा हा हॉइस्ट माझाच आहे, म्हणजे मी आखलेला. या खोलीचं छत इतकं खाली की बाजारातला कुठलाही हॉइस्ट लावला तर बाबा पलंगावरून उठण्याआधीच हुक मोटरला टेकला असता. म्हणून मोटर आखूड केली. क्लच बाहेर ठेवला की लांबी वाढते, तर तो गिअरच्या पोटात घातला, स्प्रिंगांच्या चकत्या, लायनर, नट, सगळं एका मुठीत मावेल असं. छताला पलंगापासून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत रूळ ठोकला. कारखान्यात साहेबांनी हे पाहिलं आणि त्यांना मोहच पडला. आता त्याच मोटरवरून गोदामांसाठी मोठा हॉइस्ट करायचा चाललाय, आणि साहेब रोज येऊन म्हणतात, "बाई, अजून दोन बोटं आखूड होईल का?" क्लचचं काम एकच. ओझं झेपण्यापलीकडे गेलं की त्याने घसरायचं, मोटरला ओढत राहू द्यायचं नाही. ब्रेक वेगळा, तो ओझ्याच्या बाजूला, त्यामुळे क्लच घसरला तरी ओझं पडत नाही, जागच्या जागी लटकतं. किती ओझ्याला घसरायचं ते नट ठरवतो. तो नट बसवून झाला की मी त्यावर आणि शेजारच्या धातूवर लाल रंगाची एक रेघ मारते. रेघ तुटलेली दिसली तर कुणीतरी नटाला हात लावलाय. गोदामातले लोक लावतातच. सारखं घसरतं, काम अडतं, म्हणून आवळतात. असा हॉइस्ट परत आला की मी अख्खा विभाग डोक्यावर घेते. यंत्राला हार मानायची परवानगी दिलीय, ती काढून घेणारे तुम्ही कोण, असं मी एकदा एका ग्राहकाला त्याच्याच गोदामात सर्वांसमोर विचारलं होतं.

आणि सकाळी स्टुलावर उभी राहून मी नट आवळला. लायनर सैल पडला असणार, असं स्वतःला म्हणाले. तपासलं नाही. दात ओठ खाऊन एक पूर्ण फेरा दिला, मग आणखी थोडा, मनगट दुखेपर्यंत. लाल रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब गेले. तेव्हा जर कुणी विचारलं असतं की एवढा राग कशाचा, तर मी म्हणाले असते, उशीर होतोय. खरं म्हणजे मला स्वतःचाच राग आला होता, त्या ऊन वाटण्याचा, आणि तो मी लोखंडावर काढत होते. खाली बाबा डोळे मिटून पडले होते. मावशी आल्या तेव्हा मी चपलेत पाय घालतच सांगितलं, "आज सकाळचं राहिलंय. दुपारच्या चहाच्या आधी खुर्चीत बसवा. मोटर घट्ट केलीय, आता नाही घसरायची."

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. त्यांच्या हाताची ख्याती होती. लोक म्हणायचे, याच्या पेटीखाली अंडं ठेवा, फुटणार नाही. मला ते एकदा केबिनमध्ये घेऊन गेले होते. खाली माणसं मुंग्यांएवढी, आणि बाबांची बोटं दांड्यावर इतकी अलगद की ते त्याला गोंजारताहेत असं वाटावं. एवढी मोठी पेटी त्यांनी जहाजाच्या पोटात अशी उतरवली की तिच्यावरची धूळही हलली नाही. मी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की अजून तो पुरता गेलेला नाही, ही माझी खरी अडचण आहे. तोच हात घरी यायचा. कधी किती जोर लावायचा हे त्याला घरीही नेमकं ठाऊक होतं. शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतका, शाळेत दिसणार नाही तिथे. पुढे मी हॉइस्टच्या कारखान्यात लागले तेव्हा मी त्यांना क्लच समजावून सांगितला. ते म्हणाले, "घसरतं ते यंत्र कसलं? धरलं की धरलं."

कारखान्यात गेल्यागेल्या समोर परत आलेला एक हॉइस्ट टेबलावर पडलेला होता. हुक उघडून सरळ झाला होता, साखळीच्या कड्या ओढून लांबुळक्या झाल्या होत्या. फिटर कमरेवर हात ठेवून उभा होता. आमचा फिटर बोलका माणूस आहे, वाईट बातमीसुद्धा तो चविष्ट करून सांगतो. पण आज त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"नट बघा मॅडम. शेवटच्या आट्यापर्यंत आवळलाय."

"वजन जास्त होतं?"

"वजन कमीच होतं. पेटी वर जाताना रॅकच्या आडव्या पट्टीखाली अडकली. बटणवाल्याचं लक्ष नव्हतं. मोटर ओढतेय, पेटी अडकलेली, आणि एक जण ती हाताने सोडवायला गेला."

"मग?"

"मग काय मॅडम. पट्टी सुटली. हात मध्ये होता." त्याने स्वतःचं कोपर धरून दाखवलं, आणि लगेच सोडून दिलं. "क्लच घसरला असता तर आवाजाने तरी कळलं असतं."

आम्ही तो उघडला. लायनर कोरा करकरीत होता, एकदाही घसरलेला नाही. साहेब आले, हळहळले, आणि मग नव्या आराखड्याकडे वळून विचारू लागले की नटच बाहेरून दिसणार नाही असं काही करता येईल का, आणि त्यातच अजून दोन बोटं आखूड. मी त्यांच्याकडे बघत होते, पण माझ्या कानात फिटरचं वाक्य बसलं होतं. वजन कमीच होतं. अडकलं होतं.

लायनर सैल असेल तर क्लच कधी घसरतो? ओझं उचलतानाच. पट्टे ताणले, वजन आलं, की तिथेच. बाबांचं वजन मोटरने सकाळी विनातक्रार उचललं होतं. गादीवरून ते सुटले, वीतभर वर गेले, आणि मग घसरला. वजन तेच आणि वीतभरानंतर घसरला, म्हणजे त्या वीतभराने काहीतरी ताणलं गेलं. पलंगाची डावी बाजू भिंतीला आहे, तिकडे लोखंडी कठडा आहे, आणि झोळीच्या कापडाआड बाबांचा डावा हात आहे, तो चांगला हात. हात सरळ होईपर्यंतचं अंतर केवढं? वीतभर. क्लच सैल नव्हता. बाबांनी कठडा धरून ठेवला होता. आणि आता मी लाल रेघ तोडून आले होते, आणि मावशी त्यांना चहाच्या आधी उचलणार होत्या.

एक फोन करायचा होता. 'मावशी, आज उचलू नका.' एवढंच. फोन माझ्या हातातच होता. मी मोटरी तपासायच्या टेस्ट बेमध्ये गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. समोर फिटर नव्या मोटरला ओझं लावत होता, थोडं थोडं वाढवत. आवळलेल्या नटावर ती मोटर किती ओढेल याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप झाला, तो मी थांबवू शकले नाही. म्हाताऱ्या खांद्याची वाटी किती सहन करते हे आमच्या कुठल्या तक्त्यात नाही. पण खांदा निखळतो तेव्हा आवाज कसा येतो ते मला माहीत आहे. आईचा निखळला होता. ती स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभी होती, आणि बाबांनी तिचा दुसरा हात धरून तिला आत ओढलं. ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त एक ओला, जाड आवाज आला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. नंतर हाडवैद्याला तिने सांगितलं की माळ्यावरून डबा काढताना पडले. तो म्हणाला, जपत जा. बाबा तिथेच बसून होते, त्यांनीही सांगितलं, जपत जा. हे आठवलं आणि माझा अंगठा फोनवरून खाली आला. ओढू दे, असं मी मनात म्हणाले. मोठ्याने म्हणाले की काय कोण जाणे, कारण फिटरने वळून पाहिलं. ओढू दे. धरलं की धरलं, म्हणत होते ना? आता धरून दाखवा. मला तो हात उखडलेला दिसला, कापडात गोळा झालेला, दोन्ही बाजू सारख्या झालेल्या, म्हणजे या घरात आता कुठलाच हात उरला नाही. फार छान वाटलं. सांगायची लाज वाटते आणि तरी सांगते, जेवण झाल्यासारखं शांत वाटलं.

आणि माझी बोटं आठवली. मी पलंगाखाली लपायचे. लाकडी पलंग होता, चारही पाय गोल, रंधा मारून गुळगुळीत केलेले. भिंतीकडचा पाय मी दोन्ही हातांनी धरायचे. बाबा गुडघ्यावर बसायचे, घोटा पकडून ओढायचे. घामाने तळहात घसरायचे. लाकूड कोरडं असलं की जास्त टिकायचं हे ज्ञान मला तिथे झालं, पुढे कॉलेजात त्याची सूत्रं शिकवली तेव्हा मला नवल वाटलं नाही. ओढूनही मी सुटले नाही तर ते आडवे होऊन आत हात घालायचे आणि माझी बोटं एकेक करून सोडवायचे. करंगळीपासून. ती सर्वांत दुबळी, ती उचकटली की शेजारचं बोट आपोआप सैल पडतं. रागाने नाही, कामाची गोष्ट करावी तसं करायचे. "सोड," म्हणायचे. "सोड बघू." त्यांचा श्वास माझ्या कपाळावर यायचा. मी कशाला धरून ठेवायचे? सुटका तर कधीच झाली नाही. तरी धरायचे, कारण धरलं होतं तोवर मार सुरू झालेला नसायचा. तेवढा वेळ माझा होता.

मग ते कशाला धरतात?

हा प्रश्न मला इतका उशिरा पडला याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. समोर नव्या मोटरचा क्लच घसरला, तोच करपट वास आला, फिटर हात वर करून ओरडला, "बरोबर घसरला मॅडम!" आणि मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मावशींचा फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात असतो आणि त्या बाबांच्या खोलीत रेडिओ लावतात. साहेबांनी काहीतरी विचारलं, मी त्यांच्या अंगावर ओरडले, काय ते आठवत नाही. टॅक्सीत बसले. सिग्नलला पुढची गाडी हलेना तेव्हा मी ड्रायव्हरला म्हणाले, घाला त्याच्यावर, घाला. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि काच वर केली. किती तरी वेळ मी फोन हातात धरून उभी होते, आणि तो वेळ आता रस्ता माझ्याकडून वसूल करत होता.

जिना चढताना रेडिओ ऐकू आला. दार उघडंच होतं. बाबा खिडकीत खुर्चीवर बसले होते, केस विंचरलेले, झोळीचे पट्टे अजून अंगाखाली. मावशी त्यांची नखं कापत होत्या. डावा हात त्यांच्या हातात होता. सगळा, जागच्या जागी.

"अगंबाई, इतक्या लवकर?" मावशी म्हणाल्या. "बरं नाही का?"

"उचललं तुम्ही?"

"मग काय, उडत आले का ते? मस्त चाललीय मोटर. जराही अडली नाही."

"हात कुठे होता यांचा? हा हात. कठडा धरतात ना ते?"

मावशींनी नेलकटर बंद केलं. मग रेडिओचा आवाज कमी करून म्हणाल्या, "माझ्या वेळी नाही धरत, ताई. माझ्या तर गळ्यात टाकतात."

"म्हणजे?"

"तुम्ही सकाळी उचलता तेव्हा धरतात. रोज धरतात. मी येते तेव्हा बोटं अशी आखडलेली असतात, चोळून सरळ करावी लागतात. हे बघा." त्यांनी बाबांचा तळवा उलटा करून मला दाखवला. बोटांच्या मुळाशी ओळीने घट्टे होते. क्रेनच्या दांड्याचे घट्टे कधीच गेले होते, निवृत्त झाल्यावर तळवे बाईच्या तळव्यासारखे मऊ झाले होते त्यांचे. हे नवे होते, कठड्याच्या मापाचे. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या.

रोज. क्लचने आजच तक्रार केली, कारण आज त्यांनी जोर जास्त लावला असेल, किंवा माझा चेहरा आज जास्त वाईट असेल. मी त्यांना कधी मारलं नव्हतं. कधी चिमटासुद्धा काढला नव्हता. वेळेवर औषधं, स्वच्छ चादरी, त्यांच्यासाठी अख्खी मोटर आखली, लोक माझं उदाहरण देतात. मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलत नाही. अगदी शांतपणे बोलते, बाह्या दुमडते, खुर्ची बाजूला सरकवते.

मावशी संध्याकाळी गेल्या. मी दिवा लावला, स्टूल ओढलं, पाना घेतला. वर चढून मागे पाहिलं तर बाबांनी डावं कोपर वर करून चेहऱ्यावर धरलं होतं, कपाळ झाकलं जाईल असं, मान खांद्यात गेलेली. आई असंच करायची. मीही करायचे. ते कुठून शिकले? आमच्याकडूनच शिकले असणार, इतकी वर्षं समोरून पाहून. "मारत नाहीये मी, बाबा," मी म्हणाले. "नट सैल करतेय." कोपर खाली आलं नाही. मी नट मागे फिरवला, लाल रेघेचे दोन तुकडे पुन्हा एकमेकांसमोर आणले, खाली उतरले, पाना लपवून ठेवल्यासारखा उशीखाली ठेवला आणि पट्टे हुकात अडकवले. त्यांना पलंगावर न्यायचं होतं, ते तर कुणीतरी करायलाच हवं होतं. मी बटण दाबलं. ते खुर्चीतून सुटले, वीतभर वर गेले, आणि मोटर घुमू लागली. त्यांनी खिडकीचा गज धरला होता.

मी अंगठा काढायला हवा होता. यंत्राने केव्हाच हार मानली होती, वास येत होता, साखळी हलत नव्हती. ते लटकत होते, हात ताणलेला, बोटं पांढरी पडलेली, आणि माझ्याकडे बघत होते, आणि माझा अंगठा तिथेच होता. पोटात ते ऊन ऊन पुन्हा आलं, आता ओळखीचं झालेलं. मग मला रडू फुटलं, पण अंगठा त्यानंतरही थोडा वेळ राहिला, हे सांगायला हवं. शेवटी काढला. खोली एकदम शांत झाली.

"इकडे ये," बाबा म्हणाले.

मी गेले. त्यांचा हात गजावरून निघेना, मनगट धरून पाहिलं, चोळून पाहिलं. ते इतके जवळ होते की माझा श्वास त्यांच्या कपाळावरचे केस हलवत होता.

"सोडा," मी म्हणाले. "सोडा बघू, बाबा."

आणि मी त्यांची बोटं एकेक करून सोडवू लागले, करंगळीपासून.